दाराशी उभे देवस्थळी सर

हल्ली आपल्या अंतराळवीरांची काही बातमी असली की एका वाहिनीवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ येऊन बसतात. खाली पट्टी सरकते : ग्रुप कॅप्टन (निवृत्त) पद्माकर घैसास, पहिल्या निवडीतले अंतिम उमेदवार. परवा इथे कुवेतमध्ये, सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या घरात मी जेवायला बसले होते आणि हे महाशय दिसले. हातातला घास ताटात परत गेला. नवरा म्हणाला, "चॅनेल बदलू का?" म्हटलं, "मुळीच नको. बघू दे मला. राग ताजा राहिला पाहिजे."

हे शिक्षण देवस्थळी सरांचं. माधव देवस्थळी, आमच्या रिफायनरीतले सेफ्टीचे प्रमुख. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो किती क्षमाशील होता, कसं कुणाला दुखावलं नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिलं तर सर वरून चप्पल फेकून मारतील. त्यांनी आयुष्यात कुणाला माफ केलं नाही आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. "माफी म्हणजे निव्वळ आळस, मंजिरी," ते म्हणायचे. "लक्षात ठेवायचा कंटाळा येतो माणसाला, आणि मग त्याला तो मोठेपणा म्हणतो."

फहाहीलच्या एका बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, त्यांना एकदा सडकी कोथिंबीर बांधून दिली गेली. बस. त्या दिवसापासून घराखालचं ते दुकान सोडून सर भर उन्हात दोन गल्ल्या पलीकडे जायचे. दुकानदार बदलला, त्याचा मुलगा बसायला लागला, तरी नाही. वर येताना त्याच्यासमोरून दुसऱ्या दुकानाची पिशवी मुद्दाम हलवत यायचे. सुधाकाकू, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. "अहो, त्या पोराचा तेव्हा जन्म तरी झाला होता का?" यावर सरांचं उत्तर, "दुकानाचा झाला होता."

दिसायला बुटके, सडपातळ, कान जरा मोठे, अर्ध्या बाहीचा शर्ट कडक इस्त्रीचा. आमचे कुवेती साहेब त्यांना "या कप्तान", म्हणजे अरबीत "अहो कप्तान", म्हणून हाक मारायचे. एके काळी ते लढाऊ विमानं चालवायचे हे सगळ्यांना माहीत होतं. आपला माणूस पहिल्यांदा परक्या देशाच्या रॉकेटातून वर जायचा होता, तेव्हा ज्या मूठभर तरुणांतून निवड झाली त्यात ते होते, हे मात्र मला कित्येक वर्षांनी कळलं, आणि तेही काकूंकडून.

खिशात कायम एक लाकडी पाचर. दाराखाली सरकवायची. मीटिंगला आले की आधी खाली वाकून दाराला पाचर लावणार, मग खुर्ची ओढणार. लिफ्ट वापरायचे नाहीत. घराचं पुढचं दार सताड उघडं, बारा महिने. कुवेतमध्ये दार उघडं ठेवणं काय असतं ते इथे राहिलेल्यालाच कळेल. गुबार सुटला, म्हणजे वाळूचं वादळ आलं, की आकाश हळदीसारखं होतं आणि बंद खिडक्यांतूनही घरभर बारीक धूळ बसते. यांच्याकडे तर वाळू पाहुण्यासारखी दारातून आत यायची. काकू दिवसातून तीनदा फडकं फिरवायच्या आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायच्या, "वाळवंटात राहायचं होतं तर तंबूच ठोकायचा होता ना! भाडं कशाला भरतोय?"

आणि आणखी एक सवय, "हात दाखव." प्लँटमध्ये काही झालं, कुणी काही सांगायला लागलं, की सर मध्येच थांबवायचे. "तोंड नंतर. आधी हात दाखव." काळजीपूर्वक उलटेपालटे करून बघायचे. खरचटलंय का, सुजलंय का, ग्रीस कुठे लागलंय. कोण काय करत होता ते त्यांना त्यावरून कळायचं. मला सुरुवातीला हा चक्क जोतिष्याचा प्रकार वाटला होता.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या पहिल्या शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवतात त्या दिवसांत. तेलाची मोठमोठी बंद भांडी असतात, त्यांना व्हेसल म्हणतात. शटडाउनमध्ये ती रिकामी करून, धुऊन, माणसं आत उतरवतात. आत जायला एकच गोल भोक, मॅनहोल. त्या भोकापाशी बाहेर एक माणूस उभा करायचा असतो, तो स्टँडबाय. त्याने कामाला हात लावायचा नाही, आत शिरायचं नाही. आतल्याशी बोलत राहायचं, आणि उत्तर आलं नाही की बोंब मारायची. सगळ्यांत कमी पगाराचं काम, आणि सगळ्यांत रटाळ.

त्या दिवशी स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांच्यांचे, सुपरवायझर होते हनीफभाई, रत्नागिरीचे. उन्हाने पोळलेल्या स्टँडबायला त्यांनी दया येऊन चहाला पाठवला. नेमके तेव्हाच सर राउंडला आले. आत दोन वेल्डर आणि भोकापाशी कुणी नाही! सरांनी आरडाओरडा केला नाही. काम थांबवलं, वेल्डरना बाहेर काढलं, आणि हनीफभाईंना म्हणाले, "आता तुम्ही उभे राहा."

"साहेब, पाच मिन्टांचा तर चाय होता," हनीफभाई म्हणाले. "पोरगा पार सुकला होता."

"तर तुम्ही उभं राहायचं होतं आणि त्याला पाठवायचं होतं."

खरं होतं. हनीफभाईंनीही मान खाली घातली. एवढ्यावर मिटायला हवं होतं की नाही? छे! त्यापुढच्या प्रत्येक शटडाउनला पहिल्या दिवशी पहिल्या मॅनहोलवर उभं राहायचं ते हनीफभाईंनीच, सुपरवायझर असोत की आणखी कुणी असोत. आणि सरांनी त्यांचं नाव घेणंच टाकलं. "चहा आला का?" म्हणजे हनीफभाई आले का. वर्षानुवर्षं. हनीफभाईंनी मात्र ते अंगावरच्या बिल्ल्यासारखं मिरवलं. "आमच्या साहेबांचा राग म्हणजे पर्मनंट इकामा," ते म्हणायचे. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. "एकदा मिळाला की कॅन्सलच होत नाय."

याच सुमाराला सरांचा दुसरा नियम मला कळला. एक वेल्डर आत असताना दिवा गेला. तो घाबरला, रडला, आईला हाका मारायला लागला. स्टँडबायने नीट बाहेर काढलं त्याला, चूक काहीच नाही. पण संध्याकाळी कँटीनमध्ये त्याच स्टँडबायने त्या रडण्याची नक्कल केली आणि टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. सरांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस मॅनहोलपाशी दिसला नाही. मी म्हटलं, "सर, जरा जास्तच झालं. गंमत केली त्याने."

ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "आतला माणूस काय ओरडला ते भोकापाशीच राहिलं पाहिजे. बाहेरच्याने ते चारचौघांत सांगितलं, की पुढच्या वेळी आतला ओरडणार नाही. लाजेल. न ओरडता मरेल. समजलं?"

समजलं, म्हटलं. पुरतं समजायला वेळ लागला.

इथल्या मराठी मंडळाच्या मुलांसाठी आम्ही दर थंडीत सुट्टीच्या दिवशी विज्ञानाचा वर्ग घ्यायचो. सर त्यात अवकाशावर बोलायचे, आणि फक्त सुरुवातीच्या दिवसांवर. चंद्रावर कोण उतरलं यात त्यांना रस नव्हता. त्यांची सगळी गोष्ट दारांची. अवकाशात गेलेल्या पहिल्या माणसाचं यान उडायच्या आधी दार नीट लागल्याची खूणच दिसेना, तर तंत्रज्ञांनी सगळे बोल्ट काढून पुन्हा बसवले आणि तो आत बसून शीळ घालत होता. यानाबाहेर पहिल्यांदा तरंगलेल्या माणसाचा पोशाख इतका फुगला की त्याला दारातून परत आत शिरता येईना, त्याने पोशाखातली हवा सोडली तेव्हा तो आत आला. मुलं डोळे विस्फारून ऐकायची, प्रश्न इंग्रजीत विचारायची, आणि सर उत्तर मराठीतच द्यायचे.

पण त्यांचा खरा माणूस होता दुसरा अमेरिकन. तो वर जाऊन सुखरूप समुद्रात उतरला, आणि हेलिकॉप्टरने उचलायच्या आधीच त्याच्या यानाचं दार धाडकन उडालं. पाणी आत शिरलं, यान बुडालं, तो स्वतः बुडता बुडता वाचला. लोक म्हणाले, घाबरला आणि दार उडवलं. तो शेवटपर्यंत सांगत राहिला, मी हात लावला नाही.

"ते दार आतून उडवायचं तर एका खिट्टीवर जोरात ठोसा मारावा लागायचा," सर मुलांना सांगत होते. "पुढे दुसऱ्या एकाने मुद्दाम तसं केलं, तर त्याच्या हाताला चांगलीच इजा झाली. आणि या माणसाच्या हातावर वळसुद्धा नव्हता. कुणी बघितले का त्याचे हात? बघायचे होते ना!" त्यांचा आवाज चिरकला. "काही वर्षांनी तोच माणूस जमिनीवरच्या सरावात यानात बसला असताना आत आग लागली. त्या यानाचं दार आतल्या बाजूला उघडायचं. उघडलंच नाही. तिघं गेले."

वर्ग संपल्यावर ते बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेले आणि काकूंना सरळ विचारलं. काकू थालीपीठ थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सांगते. यांना निवडीत बंद खोलीत कोंडलं होतं माहितीये का?"

"कोंडलं नव्हतं, परीक्षा होती," बाहेरून सरांचा आवाज आला.

"बरं, परीक्षा. दोघांना एका खोलीत काही दिवस ठेवायचे. आवाज नाही, घड्याळ नाही, शेवटी शेवटी दिवासुद्धा नाही. दाराला आतून एक लाल मूठ. नको झालं की ती फिरवायची, दार उघडायचं. फिरवेल त्याचं नाव कटलं. यांच्या जोडीला कोण, तर तो घैसास."

"पद्या," सर आत येऊन उंबऱ्याला टेकले. "चांगला होता तसा. विमान झकास चालवायचा."

दिवे गेल्यानंतर काही तासांनी घैसास फुटला. दारावर मुठी आपटायला लागला. बाहेर ऐकू जायची सोय नव्हती, भिंतीच तशा होत्या. लाल मूठ त्याच्या उजव्या हाताला टेकत होती, पण ती तो फिरवेना. फिरवली असती तर त्याचं नाव गेलं असतं. रडत, धापा टाकत म्हणत राहिला, "माधव, तू उघड. तू उघड ना रे. मी उद्या सगळ्यांना सांगतो, माझ्यासाठी उघडलंस म्हणून. आईशप्पथ सांगतो."

"आणि तुम्ही उघडलंत?" मी म्हटलं.

"त्याला श्वास घेता येत नव्हता," सर म्हणाले. जणू दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

बाहेर आल्यावर विचारलं गेलं, मूठ कुणी फिरवली? "मी," सर म्हणाले. का? त्यावर ते गप्प राहिले. आतला काय ओरडला ते बाहेर सांगायचं नसतं. घैसास सांगणार होता ना उद्या! घैसासच्या मुठी सुजून लाल झालेल्या, पण हात कुणी बघितले नाहीत. तो उद्या काही उजाडला नाही. घैसास पुढच्या फेरीत गेला, तिथून पुढच्या, आणि अगदी शेवटी तोही गळला. पण "अंतिम उमेदवार" ही शेपटी त्याला जन्मभराची मिळाली. वर त्याने एक किस्सा तयार केला. गावोगावच्या व्याख्यानांत, सत्कारांत तो सांगायचा : आमच्यातला एक भिडू बंद खोलीत इतका टरकला की आईच्या नावाने गळा काढून पळाला! नक्कलसुद्धा करायचा. स्वतःच्याच रडण्याची नक्कल, दुसऱ्याच्या नावावर. हवाई दलातल्या जुन्या लोकांना तो भिडू कोण ते बरोबर कळायचं. सरांनी नोकरी सोडली, कुवेत गाठलं, ते त्यापायी.

"मला त्याचं काही नको," सर म्हणाले. "फक्त एक वाक्य हवंय. दार माधवने माझ्यासाठी उघडलं. चारचौघांत, शुद्धीत, सरळ उभं राहून. मरायच्या आत ऐकायचंय."

माझं काय झालं सांगू? माझं डोकं फिरलं. मी नाशिकची, आमच्याकडे फिरतं तसं फिरलं. थालीपीठ तिथेच टाकून मी घरी आले.

दोन वर्षांनी योग आला. मंडळाच्या वर्धापनदिनाला अवकाशावर कार्यक्रम ठरला आणि समितीतल्या कुणीतरी उत्साहाने पाहुणे सुचवले, ग्रुप कॅप्टन घैसास. समितीला काही माहीत नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "जरूर बोलवा. यान मी बनवतो."

कल्पना त्यांचीच. स्टेजवर जुन्या पद्धतीचं यान ठेवायचं, पाहुण्यांनी आत बसायचं, मुलांनी उलटी गिनती करायची, शून्य म्हणताच पाहुण्यांनी स्वतः दार उघडून बाहेर यायचं आणि भाषण सुरू करायचं. घैसासांना फोनवर ती फार आवडली.

यान हनीफभाईंनी प्लायवूडचं केलं, वरून चंदेरी रंग. सरांनी शेजारी उभं राहून करवून घेतलं. मागे हवेला भोकं, आतून फोम, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, कुलूपबिलूप काही नाही. बाहेर एक साधी खिट्टी, आत उजव्या हाताशी ती सोडवणारी एक लाल मूठ. मूठ पोरसुद्धा फिरवेल इतकी हलकी. मी स्वतः आत बसून पाहिली.

"मग यात सूड कुठे आला?" मी विचारलं. "तो सरळ मूठ फिरवेल आणि बाहेर येईल."

"फिरवू दे की. फिरवली तर माझं देणंघेणं संपलं," सर म्हणाले. "नाही फिरवली, तर मी बाहेरून उघडणार नाही. वाक्य बोलेपर्यंत नाही. तू साउंडवर बस. त्याच्या कॉलरला माईक असेल. त्याने वाक्य बोलायला तोंड उघडलं की मी मान हलवेन, तेव्हा आवाज चालू कर. त्याआधी नाही."

हनीफभाई ब्रश धुता धुता ऐकत होते. म्हणाले, "साहेब, तुमच्याच्यानं व्हायचं नाय ते."

"चहा, तुम्ही रंग बघा," सर म्हणाले.

साल्मियाच्या शाळेचा हॉल खचाखच. काकू पहिल्या रांगेत, नारळीकाठाची साडी नेसून. घैसास आले, हार झाले, हसतमुख, हात जोडून. टाळ्यांच्या कडकडाटात यानात चढले, बसले, आणि दार लावायला वाकलेल्या माणसाकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"पद्या," सर म्हणाले, "मी आहे बाहेर."

चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नाही. पण हॉल टाळ्या वाजवत होता, मुलांनी दहा, नऊ सुरू केलं होतं, उतरणार कसे? दार लागलं. शून्य झालं. धुराची नळी फुसफुसली. दार काही उघडलं नाही.

मुलं हसली, पुन्हा शून्य ओरडली. माझ्या कानांवर हेडफोन होता, हॉलचा आवाज बंद होता, त्यामुळे आतलं मला एकटीलाच ऐकू येत होतं. आधी श्वास. मग मुठीचा एक ठोका, मग दुसरा. सर दाराला कान लावून वाकले होते. "मूठ उजव्या हाताशी आहे, पद्या," ते शांतपणे म्हणाले. "नाहीतर वाक्य बोल."

ठोके वाढले. हॉलमध्ये कुजबुज. आणि मग माझ्या कानात ते सुरू झालं. "माधव... उघड ना रे. मागच्यासारखं तू उघड..."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण आडवी. नको. मला स्पष्ट दिसली. तरी मी बटण वर सरकवलं.

"तू उघड, माधव! मी उद्या सांगतो सगळ्यांना! आईशप्पथ उद्या सांगतो!"

शाळेचे ते मोठे स्पीकर. भिंती हादरल्या. पहिल्या रांगेत काकू ताडकन उभ्या राहिल्या. आणि त्याच क्षणी सरांनी खिट्टी ओढली. वाक्य आलं नव्हतं, मूठ फिरली नव्हती, तरी दार त्यांनीच उघडलं. हनीफभाई माझ्या शेजारी उभे होते. "बोललो व्हतो ना," ते पुटपुटले.

घैसास बाहेर आले ते घामाने निथळत. दोन्ही हातांची बोटं सोलवटलेली, लाल. सगळ्या हॉलने ते हात पाहिले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "अंकल, व्हाय डिडन्ट यू टर्न द हँडल? इट वॉज राइट देअर!"

त्या दिवशीच्या भाषणात पळपुट्या भिडूचा किस्सा आला नाही. भाषणच फारसं आलं नाही. पाणी पिऊन, आभार मानून पाहुणे हॉटेलवर गेले. कुणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं, आठवड्याभरात ते कुवेतच्या जहरा गावापासून पुण्यापर्यंत पोचलं. ज्यांना अर्थ कळला नाही त्यांना मी समजावून सांगितला. घरोघर जाऊन, आमंत्रण नसताना, चहा घेऊन. आजही सांगते. त्यानंतर घैसासांनी तो किस्सा कुठे सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

मी आनंदाने नाचत स्टेजमागे गेले. सर लाल मूठ रुमालाने पुसत होते.

"सर! ऐकलं सगळ्यांनी! फिटलं की नाही?"

"मी नको म्हटलं होतं."

"अहो, पण तो तीस वर्षं तुमची नक्कल करत फिरला!"

"म्हणून तर त्याला माफ केलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कोथिंबीरवाल्याकडे बघतात तसं बघितलं. "मला त्याच्याकडून वाक्य हवं होतं, मंजिरी. तू मला किंकाळी दिलीस. आता तो ते वाक्य कधीच बोलणार नाही. आतला माणूस ओरडला आणि बाहेरच्याने ते चारचौघांत वाजवलं. कँटीनवाल्यात आणि तुझ्यात काय फरक राहिला?"

ते माझ्याशी बोललेलं शेवटचं.

खोटं नाही सांगत, मला वाटलं आठ दिवस, फार तर महिना. मी सरांना ओळखत नव्हते म्हणायचं! ऑफिसात माझ्यासाठी निरोप हनीफभाईंकरवी यायचे. हनीफभाईंचं नाव मात्र त्या दिवसापासून हनीफभाई झालं, नाव टाकलेल्याच्या जागी आता मी आले होते ना. घरी मी मुद्दाम जायची. दार उघडंच. सर खुर्ची फिरवून पाठ करायचे आणि पेपर वाचायचे. "सुधा, पाहुण्यांना विचार, चहा घेणार का." "सुधा, पाहुण्यांना सांग, गुबार सुटणार आहे, वेळेत घरी जा म्हणावं." काकू आमच्या दोघांच्या मधे उभ्या राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मला यातून सोडवा रे कुणीतरी."

मीही काही कमी नव्हते. माफी मागितली नाही. अजून मागत नाही. पुन्हा तो हॉल, तो हेडफोन, ते बटण मिळालं तर मी पुन्हा वर सरकवीन, आणि आवाज आणखी वाढवीन. घैसास, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. वाक्य अजून बाकी आहे. ज्याला हवं होतं तो गेला, पण मी आहे, आणि मला कशाचा कंटाळा येत नाही.

सर कायमचे परत निघाले त्या दिवशी काकूंनी मला विमानतळावर बोलावलं होतं. सरांनी नाही. मी आपली गाडी घेऊन मागून गेले, काकू हट्टाने माझ्या गाडीत बसल्या. हनीफभाई सामान ट्रॉलीवर चढवत होते. काकू रडत होत्या, डबे मोजत होत्या, आणि आत शिरता शिरता लक्षात आलं, त्यांची हातातली पिशवी माझ्या गाडीत राहिली. औषधं त्यातच. मी पार्किंगकडे पळाले.

पिशवी घेऊन परत येताना लांबूनच दिसलं. प्रवाशांच्या दारात सर उभे होते. ते आपोआप सरकणारं काचेचं दार. माणूस मधे असेतो उघडं राहतं. मागची माणसं ट्रॉल्या वळवून बाजूने जात होती, एक पोलीस हाताने "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत होता, आणि सर जागचे हलत नव्हते. बुटकी, ताठ पाठ, कडक इस्त्रीचा शर्ट. पाठ माझ्याकडे. एकदाही वळून पाहिलं नाही.

काकू आतून माझ्याकडे बघत होत्या. मी धापा टाकत पळत होते. तेवढ्यात सरांचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा चढा.

"सुधा, तिला सांग, पळू नको म्हणावं. दार उघडं आहे."